ओपल आणि सोनाराची लाख

माझा थोरला भाऊ बोटीवर खलाशी होता. ऑस्ट्रेलियाहून येताना त्याने माझ्यासाठी चिंचोक्याएवढा ओपल नावाचा एक खडा आणला. वरून पाहिला तर पातळ ताकासारखा पांढरा. हलवला की आतून हिरवा, निळा, तांबडा रंग सरकायचा, ताज्या बांगड्याच्या पाठीवर सरकतो तसा.

माहेरच्या ओट्यावर बसून दादा त्या देशातल्या ओपलांच्या गोष्टी सांगायचा. मेलबर्नला ऑलिंपिकचे खेळ झाले त्या वर्षी त्या देशात एक भलाथोरला ओपल जमिनीतून निघाला, त्याला त्या खेळांचंच नाव दिलं. काळ्या ओपलाला सगळ्यात जास्त मोल, तसले लोखंडी कपाटात ठेवतात.

"तुझो गरिबाचो आसा," तो म्हणाला. "पण जात तीच. एक ध्यानात ठेव गो, ह्येका आगीची आच लावू नको. पोटात पाणी आसा ह्येच्या. तापलो काय तडकलो."

एवढं सांगून तो पुन्हा बोटीवर गेला. परत कधी येईल ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

सासरी अंगठी करायचं ठरलं. आमचे हे मुंबईला होते, म्हणून सासूबाई आणि मी मालवणला सोनाराकडे गेलो. आमच्याकडे खडा बसवायची रीत एकच. कोंदणात लाख वितळवून ओतायची आणि ती गरम असतानाच खडा वरून दाबायचा. सोनारांनी खडा पाहिला, शेगडी फुंकली आणि लाखेची कांडी निखाऱ्यावर धरली.

परक्या पुरुषाशी मी तोवर कधी बोलले नव्हते. मासळीचा भावसुद्धा सासूबाईच करायच्या. मी पदर सावरला.

"अण्णा, लाख नको."

सासूबाईंनी मान वळवली. "गो, तुका वाचा कधी फुटली?"

सोनार हसले. "वयनी, देवीच्या मुकुटातले खडे ह्याच हातान लाखेवर बसयलंय. एक पण तडकलो नाय."

"ते खडे वेगळे. ह्यो ताप सोसणा नाय. बोटीवरल्या भावान सांगितल्यान."

"तुझो भाव बोटीर सोनारकाम करता काय?"

दुकानातलं एक गिऱ्हाईक खो खो हसलं. माझे कान तापले. तरी मी हात पुढे करून खडा उचलला आणि मुठीत धरला.

"आधी कोंदण करा. ता थंड होऊंदे. मगे खडो ठेवा आणि कोंदणाची कड खड्यावर दाबा. जमणा नसात तर खडो परत न्हेतंय."

"येळ लागात."

"बसतंय."

बसले. सोनार पुटपुटत कामाला लागले. सासूबाई बाजार करून आल्या तरी मी जागची हलले नव्हते. शेवटी शेगडीवरून उतरलेलं कोंदण माझ्यापुढे आलं. बोट लावलं तर कोमट.

"अजून थोडा."

"ही सून गप असता म्हणून कोण सांगता?" सोनार सासूबाईंना म्हणाले.

त्यांनी बाजाराची पिशवी खाली ठेवली. थोड्या वेळाने माझ्याआधी त्यांनीच कोंदणाला बोट लावलं. "आता थंड आसा गो," म्हणाल्या. तेव्हा मी मूठ उघडली.

सळईने कडा दाबताना खडा एका अंगाला कलला.

"वाकडो बसलो. लाख असती तर सरळ बसतो. माका बोल लावू नको."

"नाय लावूचंय."

मी अंगठी उजेडात धरून सगळीकडून पाहिली. एकही चीर नव्हती. वाकडा तर वाकडा. मी ती बोटात घातली आणि सासूबाईंच्या आधी दुकानाच्या पायऱ्या उतरले.