पिठातले गुण

झरी गावचे गिरणीवाले काका दळण दळता दळता मोबाइलवर हेवीवेट बॉक्सिंगच्या जुन्या लढती पाहतात. प्रत्येक फेरीचे गुण गिऱ्हाइकाच्या डब्याच्या झाकणावर, उडालेल्या पिठात बोटानं लिहितात. गिरणीच्या आवाजात समालोचन ऐकू येत नाही, ते त्यांना बरंच वाटतं.

"निकाल तर माहीत आहे ना, काका?" मी एकदा विचारलं.

"तिथल्या पंचांचा माहीत हाय. माझा बदलायलाय."

काल माझ्या डब्याच्या झाकणावर, त्यांच्या गुणांनी, मूळ लढतीत हरलेला गडी जिंकला. त्यांनी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली.

मी शाळेत असताना जत्रेतल्या कुस्तीत पंच म्हणून त्यांनी मला हरवलं होतं. माझी पाठ टेकली नव्हती, पण मी तो विषय कधी काढला नाही.

झाकण पुसून त्यांनी माझ्या डब्यावर बसवलं.

"तुझ्या कुस्तीचं शूटिंग असतं, तर ती बी परत पाहिली असती."