अकरा वर्षं न बसलेलं सॉफ्टवेअर

तिसऱ्या मजल्यावरच्या मामाबद्दल अख्ख्या इमारतीत एकच बोलवा होती: हा माणूस गेली अकरा वर्षं कॉम्प्युटरवर एकच सॉफ्टवेअर बसवायला बघतोय आणि ते काही केल्या बसत नाहीये. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मार्चमध्ये आला तेव्हा मामा बसवत होता, सप्टेंबरमध्ये आला तेव्हाही बसवतच होता. "साहेब, एकदा दुकानात दाखवा की," असं त्याने अगदी कळकळीने सुचवलंही. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई मामी दिसली की आवाज खाली आणून विचारायच्या, "बसलं का हो?" जणू घरात कुणाचा ताप उतरायचा राहिलाय.

आता खरं काय ते. सॉफ्टवेअर दर शनिवारी व्यवस्थित बसायचं. मग मामा ते पुसून टाकायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पहिल्यापासून बसवायचा. मुद्दाम. आणि फुकट. म्हणजे अफवेपेक्षा खरी गोष्टच जास्त काळजी करण्यासारखी होती.

मामा पोटापाण्यासाठी पाण्याच्या मीटरच्या कचेरीत हेडक्लार्क. अकरा वर्षांपूर्वी त्याने गल्लीतल्या वाचनालयाची पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवायचं काम अंगावर घेतलं. त्यासाठी त्याला एक डेटाबेस सापडला, म्हणजे माहिती लावून ठेवायचं कपाट. ओपन सोर्स होता, म्हणजे त्याचं आतलं सगळं लिखाण उघडं. कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं. ठिकठिकाणचे लोक आपापल्या फावल्या वेळात तो बनवत होते. फक्त तो बसवायच्या सूचनांचं पान साफ चुकलेलं होतं. मामाचे दोन रविवार त्यात गेले. त्याने संतापून चार पानी तक्रार धाडली. उत्तर आलं एका ओळीचं: "बरोबर आहे तुमचं. तुम्हीच दुरुस्त करा ना!"

असं उत्तर आलं की शहाणा माणूस एक शिवी हासडतो आणि जेवायला बसतो. मामाने पान दुरुस्त केलं. तेव्हापासून पान मामाच्या गळ्यात पडलंय की मामा पानाच्या, हे घरात अजून ठरलेलं नाही.

तर शनिवारी सकाळी आंघोळ झाली की मामा अडाणी व्हायचा. हा त्याचाच शब्द. कॉम्प्युटर पुसून कोरा करायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, नाक दोनदा वाजवायचा आणि घराला उद्देशून जाहीर करायचा, "आता मला काहीही येत नाही."

"त्यासाठी शनिवारची वाट कशाला बघायची?" आतून मामी.

मामी शिवणकाम करते. कपडे उसवते, आखूड करते, जागेवर आणते. माणसांचंही तेच करते.

मग मामा स्वतःच लिहिलेलं पान परक्यासारखं मोठ्याने वाचू लागायचा. "पायरी चार. 'फाइल उतरवून घ्या.' कुठे उतरवू? लिहिलंय का? नाही लिहिलं!" स्वतःची चूक सापडली की त्याला असा आनंद व्हायचा, की तसा लोकांना बढती मिळाल्यावरही होत नाही. हा रोग मग घरभर पसरला. त्याला दूध आणायला सांगावं, तर "किती? कोणतं? दुकान बंद असलं तर पुढची पायरी कोणती?" मामी म्हणायची, "दुकान बंद असलं तर तिथेच बसा. उघडेपर्यंत."

मामाची भाची, म्हणजे हे लिहिणारी, जिन्यात त्याची नक्कल करायची. चष्मा, नाक, "लिहिलंय का?", सगळं. डॉक्टरीणबाईंचे पेशंट तोंडात कापूस धरून हसायचे. मामाने एकदा वरून ऐकलं. रागावला नाही. म्हणाला, "मी नाक दोनदा वाजवतो. तू तीनदा वाजवतेस. दुरुस्त कर."

मग संकट आलं. ते व्हिडिओ कॉलवर आलं.

डेटाबेसवाल्यांचा मुख्य माणूस कॅमेरा असा ठेवायचा की फक्त दाढी दिसावी, म्हणून घरात त्याचं नाव दाढी. मामापेक्षा वीस वर्षांनी लहान, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी 'बेसिकली' लावल्याशिवाय त्याचं इंजिन सुरूच होत नसे. त्याच्या शेजारच्या चौकटीत एक नवा पोरगेला इंजिनीअर. तो सगळं चुटकीसरशी करायचा आणि बोलताना खरोखर चुटक्याही वाजवायचा. तो चटपट्या.

"बेसिकली काका," दाढी हलली, "पान फार लांबलंय. खालचा तो 'अडकलात तर' भाग बघा. त्रेसष्ट परिच्छेद! कोण वाचतं हो?"

"जो अडकतो तो," मामा म्हणाला.

"पण अडकायचंच कशाला?" चटपट्याची चुटकी. "मी एक ओळ लिहिलीय. ही ओळ टाकली की सगळं आपोआप बसतं. सिंपल. सोमवारी नवी आवृत्ती निघतेय, तेव्हा पान काढून ही ओळच ठेवू."

मामाचा चेहरा उसवला. त्या डेटाबेसमध्ये मामाने एक अक्षरही लिहिलेलं नाही. त्याचं नाव जगात एकाच ठिकाणी आहे: त्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात. पान गेलं की मुंगी गेली.

त्याने नाक वाजवलं. दोनदा. "ज्याला खरंच काही येत नाही असं माणूस बसवा. रविवारी, चार वाजता, सगळ्यांसमोर. फक्त पान वाचून बसवेल. मला एक जरी प्रश्न विचारला, किंवा मी एक शब्द जरी बोललो, तर पान काढा."

"असं माणूस आणणार कुठून?" दाढीने विचारलं.

मामाने मान वळवली. मामी मशीनवर एका पँटचे पाय आखूड करत होती. "माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "किती वाजता म्हणालात?"

भाचीने तिथल्या तिथे पैज मारली. मामीबद्दल तिला शंका नव्हती. मामा मात्र गप्प बसणं शक्यच नव्हतं. जो माणूस दुसऱ्याच्या घरी जाऊन टीव्हीच्या रिमोटला सूचना देतो, तो स्वतःच्या पानासमोर तोंड मिटून बसणार? मामाने पैज कागदावर उतरवली, अर्थात पायऱ्यांत. पायरी एक: मामा बोलला तर त्याने जिन्यात, सगळ्यांदेखत, स्वतःची नक्कल स्वतः करायची. पायरी दोन: मामा गप्प राहिला तर भाचीने महिनाभर तोंडाने, हाताने किंवा नाकाने त्याची नक्कल करायची नाही. खाली दोघांच्या सह्या.

रविवारी डॉक्टरीणबाईंनी आपला कोरा करकरीत लॅपटॉप दिला आणि स्वतःही वर येऊन बसल्या. "आज बसणार म्हणे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. दाढी आणि चटपट्या पडद्यावर. मामा मागच्या खुर्चीत. मामीने सुरुवात करायच्या आधी टाचण्यांची डबी उघडली आणि मोजून अकरा टाचण्या मामाच्या ओठांत दिल्या. "धरा. मी दिवसभर धरते. बोललात तर टोचतील."

मग तिने पान वाचायला घेतलं. कागदावरचं माप वाचावं तसं: एक ओळ, बोट ठेवून, मग हात, मग पुढची ओळ. पायरी एक ते आठ सुतासारख्या सरळ सरकल्या. चटपट्या जांभया देत होता. पायरी नऊ: 'आता डेटाबेस सुरू करा.' मामीने आज्ञा टाकली. लॅपटॉपने लाल अक्षरात सांगितलं: माहितीचं फोल्डर सापडत नाही.

मामाचे डोळे चष्म्याबाहेर यायला आले.

कारण चूक काय ते त्याला तेवढ्यात कळलं होतं. पूर्वी सॉफ्टवेअर ते फोल्डर स्वतःच तयार करायचं; सोमवारी निघणाऱ्या नव्या आवृत्तीत, जी मामी आत्ता बसवत होती, ते आपण करायचं होतं, आणि ही पायरी पानावर नव्हतीच. दर शनिवारी पुसून बसवणाऱ्या माणसाच्या नजरेतून ती सुटली कशी? तर मामाच्या कॉम्प्युटरला दोन डिस्क होत्या. दुसऱ्या डिस्कवर घरचे फोटो होते, आणि मामीने बजावलं होतं, "त्याला हात लावलात तर या घरात पाऊल ठेवू नका." म्हणून अडाणी होणारा मामा अर्धाच अडाणी व्हायचा. जुनं फोल्डर त्या दुसऱ्या डिस्कवर, फोटोंच्या शेजारी, चार वर्षं निवांत बसून होतं.

टाचण्या थरथरल्या. एक शब्द, आणि मामी सुटली असती. तोच शब्द, आणि पान गेलं असतं. मामाचा चेहरा वांग्यासारखा झाला. भाची पुढे सरकून त्याच्या ओठांकडे बघत होती. हा क्षण नकलेसाठी सोन्याचा होता.

"बेसिकली, अडकलंय," दाढी म्हणाली.

"थांबा हो," मामी म्हणाली. "कापड अजून संपलं नाही."

ती पान खाली ओढत गेली. 'अडकलात तर.' पहिला परिच्छेद, दुसरा, तिसरा. प्रत्येकावर बोट. पंधरा मिनिटं. चटपट्याच्या चुटक्या थांबल्या. एक्केचाळिसाव्या परिच्छेदावर बोट थांबलं. तिथे तीच लाल ओळ जशीच्या तशी लिहिलेली होती. सहा वर्षांपूर्वी एका शाळेच्या ग्रंथपालबाईंनी, वेगळ्याच कारणाने का होईना, पण इथेच अडकून मामाला पत्र लिहिलं होतं. खाली उपाय: फोल्डर करा, ते डेटाबेसच्या नावावर करा, पुन्हा पायरी नऊ.

मामीने केलं. लॅपटॉप म्हणाला: सुरू झाला.

"बसलं!" डॉक्टरीणबाई अशा ओरडल्या की खालचा पेशंट वर आला.

"अरे," दाढी चटपट्याला म्हणाली, "तुझी ओळ या फोल्डरचं काय करते?"

"माझ्याकडे चालतं..." चटपट्या म्हणाला. "म्हणजे, माझ्याकडे ते फोल्डर आधीपासूनच आहे."

"यांच्याकडेही असणार, फोटोंच्या डिस्कवर," मामी मामाचा चेहरा बघून म्हणाली. "त्यांनी निदान त्रेसष्ट परिच्छेद तरी लिहिले."

पान राहिलं. मुंगीही राहिली, आणि सोमवारी तिच्या शेजारी दुसरी मुंगी आली: 'पायरी साडेआठ: शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या मदतीने.' फोटो मात्र आता वेगळ्या डिस्कवर हलवलेत, मामीच्या देखरेखीखाली, आणि मामा पूर्ण अडाणी होतो.

त्या रविवारी संध्याकाळी कॉल बंद झाला. मामाने एकेक करून अकराही टाचण्या काढल्या, मोजून डबीत ठेवल्या, आणि मग भाचीसमोर पैजेचा कागद धरला. "पायरी दोन," तो म्हणाला. नाक दोनदा वाजलं.

भाची हरली. महिना व्हायला अजून एकोणीस दिवस आहेत, आणि तोंडाने, हाताने किंवा नाकाने तिने एकदाही मामाची नक्कल केलेली नाही. हात फक्त लिहायला वापरलाय. लिहायचं नाही असं त्या कागदावर लिहिलंय का? नाही लिहिलं.