सौताड्याच्या कड्यावर

धुक्याला वास असतो, हे मला सौताड्याच्या कड्यावर कळले. ओल्या दगडाचा, कुजत्या पाल्याचा आणि समोर कुठेतरी अदृश्य कोसळणाऱ्या धबधब्याचा गार, मातकट वास! खाली दरीत रामेश्वराचे देऊळ. वर कठड्याशी आम्ही दोघीच, सासूबाई आणि मी.

माझी कावीळ उतरावी म्हणून सासूबाई नवस बोलल्या होत्या : सून बरी झाली की श्रावणी सोमवारी फाट्यापासून अनवाणी येईल आणि रामेश्वराचा कळस दिसेपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाही. बोलल्या त्या, उपाशी मी! पण तो नवस माझ्या जिवासाठी होता. अर्धवट टाकला असता, तर घरात कुणी नुसते शिंकले तरी माझ्या मनात पाल चुकचुकली असती. म्हणून झोंबरा वारा आणि आडवा पाऊस अंगावर घेत मी हट्टाने चालत आले होते.

पुरामुळे दरीत उतरायच्या पायऱ्या बंद होत्या. आणि समोर? कळस कुठला, दरीच दिसेना!

"दिसेपर्यंत मी इथून हलायची नाही, आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटले. श्रद्धा आणि हट्ट यांत अंतर ते कितीसे? पाय रोवून उभे राहणे दोहोंनाही चुकत नाही.

पाटोद्याच्या स्टँडवर नव्यानेच आलेली विकतच्या पाण्याची बाटली पाहून सासूबाईंनी नाक मुरडले होते, "पानी इकत घ्यायचे दिवस आले बाई!" तरी तीच बाटली घेऊन त्यांनी पदराआड धरली होती. दुपार कलली. माझे ओठ सुकले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसले.

तशा त्या उठल्या. लिंगपूजेवाचून चहाही न घेणाऱ्या, खोटे बोलणाऱ्याला उंबऱ्यात उभे न करणाऱ्या, मोतीबिंदूमुळे सुईत दोरा ओवता न येणाऱ्या माझ्या सासूबाई! त्या पांढऱ्या शून्याकडे बोट करून ठणकावून म्हणाल्या, "त्यो बघ कळस! लख्ख दिसायलाय की. जोड हात, अन् पी पानी."

धुके तसूभरही हटले नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिले, हात जोडले आणि घटाघटा पाणी प्याले. माझ्याकडे पाठ करून त्या दरीशी हळूच बोलत होत्या. वाऱ्याने ते शब्द माझ्यापर्यंत आणले, आणि मला रडू आवरेना.

"खोटं म्या बोलले, महादेवा. काय करायचं ते माझं कर. पोरीला हात लावू नको."