जेवणावर वासना

सगुणाबाईच्या खाणावळीत मी बरीच वर्षे जेवलो, पण तिला स्वतःला जेवताना मात्र एकदाही पाहिले नाही. आम्ही उठून हात धुऊन गेल्यावर, खरकटे काढून झाल्यावर, चुलीच्या आडोशाला ती काहीतरी पोटात ढकलत असावी. तशी चौकशी करण्याची कोणाला गरजही वाटली नाही.

कल्याण स्टेशनाच्या मागे, मालधक्क्याच्या वाटेवर तिचे कौलारू घर होते. माहेर बाळकुमचे, सासर कळव्याचे. दोन्हीकडे मिठागरात राबून टाचांना ज्या भेगा पडल्या त्या कधी बुजल्या नाहीत. नवरा दगडू रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला झाला म्हणून ती कल्याणात आली. तो वारला आणि तिने परक्या माणसांना जेवू घालून घर चालवायला सुरुवात केली.

अठराशे ऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट. रेल्वेने तेव्हा कुठकुठली माणसे आणून कल्याणात टाकली होती. मी तारऑफिसातला कारकून, रत्नागिरीकडचा. माझ्या शेजारच्या पाटावर तेलंगी मुलखातला व्यंकय्या बसे. तो इंजिनांचा फिटर. त्याच्या पलीकडे मालधक्क्यावरचा बंगाली कारकून हरनाथबाबू. त्याला मासळीने या खाणावळीत ओढून आणले होते. आणि टोकाला उत्तरेकडचा मुकादम, मासळीचे ताट आले की तोंड फिरवून वरणभात खाणारा. बोलणे सगळे मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत.

एका संध्याकाळी सगुणाबाई अंगात ताप असूनच वाढत होती. हरनाथबाबू तिला आई म्हणत असे. त्याने म्हटले, तुम्हीही दोन घास खाऊन घ्या. ती म्हणाली, "आज मना जेवनावर वासना नाय."

साधे बोलणे. आमच्याकडे आजारी माणूस असेच बोलतो. पण मुकादमाचे कान लाल झाले. त्याच्याकडे तो शब्द दार लावून बोलायचा. कर्त्या मुलाच्या विधवा आईने तो तोंडातून काढावा म्हणजे काय! व्यंकय्या तर हसायलाच लागला. त्याच्या भाषेत वासना म्हणजे वास, सुगंध. "तुमच्या कालवणाची वासना यार्डापर्यंत येते आणि माझा हातोडा थांबतो," तो म्हणाला. हरनाथबाबू गंभीर झाला. त्याच्या घरी हा शब्द देवीपुढे हात जोडून उच्चारतात, मनातले मागणे म्हणून. त्याच्या धाकट्या बहिणीचे नावच ते होते. मग मीही गप्प कशाला बसू? वासनेपायी जीव पुन्हा पुन्हा जन्माला येतो, हे देवळातल्या हरदासाचे ज्ञान मी सर्वांना पाजले. एकाच संस्कृत आईच्या लेकी चार गावांना दिल्या आणि प्रत्येकीला सासरचे वळण लागले, असा तो प्रकार.

सगुणाबाईने सगळे ऐकून घेतले. "तुमचे सगल्यांचे घरान एवढ्या वासना, आन माझे घरान येक बी नाय," ती म्हणाली. "भात वाढू का?"

त्या तापातून ती उठली नाही. स्वयंपाक सुनेवर, शेवंतीवर पडला. मुलगा गणू स्टेशनावर हमाली करी. त्याला आईची माया होती, नाही असे नाही. पण मायेपेक्षा धास्ती मोठी होती. बापाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नव्हता. मेलेल्याची कसली वासना राहिली हे कोणालाच सांगता येईना, म्हणून शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. सगळ्या कळव्याने ते पाहिले आणि वर्षानुवर्षे बोलून दाखवले. आईच्या वेळी तसे होऊ द्यायचे नाही, म्हणून गणू जिवंतपणीच तिच्या मागे लागला.

"आये, कशावर वासना हाय? काय खाशील?"

त्याने खाडीतला जिताडा मासा आणला, जिलबी आणली, ताडगोळे आणले. तिने तोंड फिरवले. तो पुन्हा विचारी. माणसाला सुखाने मरूही देऊ नये, असा तो छळ होता.

व्यंकय्याने सोनचाफ्याची फुले आणून तिच्या उशाशी ठेवली. त्याला त्या शब्दाचा तेवढाच अर्थ ठाऊक. तिने ती नाकाशी धरली आणि म्हणाली, "बरा वाटला." हरनाथबाबू मात्र तिच्याजवळ बसला आणि काय खाणार असे न विचारता, मनात काय आहे, असे त्याने विचारले. 

"मना येकदा तुमचे पंगतीन बसाचा हाय," ती म्हणाली. "कोनीतरी वाढाचा, मी गरम गरम खावाचा. लगीन झाल्यापासून निवलेलाच खाल्ला."

गणू दारातच उभा होता. "आये, काय बोलतंस? बायका पुरुषांचे पंगतीन बसतान का? कळव्याला कळला तर तोंड कुठं लपवू?"

मला त्याचा संताप आला. आईपेक्षा कळवा मोठा का रे, असे मी त्याला विचारलेही. तो बाहेर गेला आणि परत जिलबी घेऊन आला. ती जिलबी तशीच उशाशी होती, तेव्हा सगुणाबाई गेली.

दहाव्याला आम्ही सगळे खाडीवर गेलो. पिंड मांडला. कावळे समोरच्या तिवरांवर बसून होते, खाली काही उतरेनात. गणूने जिताड्याचे वचन दिले, जिलबीचे दिले, तिच्या नातवाचे लग्न थाटात करीन म्हणाला. ऊन चढले. भटजी कंटाळले आणि त्यांनी दर्भ हातात घेतला.  तो दर्भ पाहिल्याबरोबर गणू वाळूत बसला, पोरासारखा रडला.

"आये, तुला नाय बसवला मी. तुझे सुनेला बसवीन. पयली तीच जेवंल. मी वाढीन."

एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

मी यावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. त्या घटकेला खाडीला ओहोटी लागली होती, आणि चिखल उघडा पडला की कावळे उतरतातच. गणूची पाठ पाण्याकडे होती, त्याला ते दिसले नाही. मीही बोललो नाही.

तेराव्याला गणूने स्वतः चूल पेटवली. शेवंती बसायला तयार होईना. तेव्हा मुकादम, तोच मुकादम, आपला पाट सरकवून बाजूला झाला आणि तिला जागा करून दिली. ती डोक्यावरचा पदर ओढून बसली. भात खाली लागला होता, कालवणात मीठ जास्त पडले होते. गणू वाकून तिच्या ताटात वाढत होता आणि आम्ही सगळे हात आवरून बसलो होतो.

शेवंतीने भातात हात घातला आणि चटकन मागे घेतला. बोटे भाजली होती. गरम भात कसा कालवायचा, हे तिला ठाऊकच नव्हते.