माझ्यापुरतं

ताईच्या नाशिकच्या आणि माझ्या इथल्या कॉम्प्युटरवर घरचं एक सामायिक फोल्डर आहे. एकीकडे काही बदललं की दुसरीकडेही बदलतं. आज दुपारी माझ्या डोळ्यांदेखत त्यातून बाबांच्या आवाजाची फाइल नाहीशी झाली. बाबा जाऊन वर्षही झालं नाही. घाबरून ताईला फोन केला.

“अगं, मला ऐकवत नव्हतं. मी फक्त माझ्यापुरती पुसली,” ती म्हणाली.

माझ्यापुरती! यंत्राला हे कुठून कळणार? मला तरी कुठे कळलं होतं? एकाच बापाच्या लेकी, म्हणजे दुःखही सारखंच, असं मी धरून चालले होते.

कचरापेटीतून ती फाइल काढून मी वेगळी ठेवली, माझ्यापुरती. फोल्डरवर हिरवी खूण आहे: दोन्हीकडे सगळं सारखं. मला ती बघवत नाही.