डॉक्टरांना खात्री हवी होती

खडेबाजारात साडीचं दुकान असलं की गिऱ्हाईक साडी घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं. माझ्याकडं तर गोडाऊन भरलंय. त्यातला एक अख्खा कप्पा आमच्या सुमनचा.

सुमन गुंजी गावची. कामाला लागली तेव्हा कागदावर मुलगा होती. साडीच्या दुकानात सेल्समनच अंगावर पदर टाकून दाखवतात. बाकीचे टॉवेल टाकल्यासारखा टाकायचे. हिनं टाकला की बायका म्हणायच्या, "हीच बांधा!" एकदा दुकान आवरताना मला म्हणाली, "अण्णा, पदर घेतला की मी असते. काढला की सोंग सुरू."

*

ऑपरेशन करायचं तर आधी मानसोपचार डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. सुट्टीदिवशी तिला घेऊन गेलो. ती पंजाबी ड्रेसात. डॉक्टरांना शंका, बाई व्हायचंय तर साडी का नाही?

"साहेब, आठवडाभर साड्याच दाखवते. सुट्टीला तरी सुटका नको?"

शेजारी जीन्स घालून बसलेल्या असिस्टंट मॅडम खाली बघून हसल्या.

*

मग सुरू झालं, विचार करून या. गेलो की, अजून विचार करा. पस्तावणारे फार थोडे असतात, हे डॉक्टरच सांगायचे. पण त्या थोड्यांच्या धास्तीनं बाकी सगळे बाहेर बाकावर!

मी म्हटलं, लग्न करताना तरी कोण एवढा विचार करतं?

"लग्न मोडता येतं," डॉक्टर म्हणाले.

"हे जरा आमच्या घरी येऊन सांगा!"

*

शेवटी म्हणाले, वडिलांना आणा. सुमन तिशी ओलांडलेली, तरी! आप्पा गुंजीहून रेल्वेनं आले. शेतकरी माणूस, बोलणं कमी. डॉक्टरांनी विचारलं, उद्या पस्तावली तर?

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पस्तावली तर घराकडं यील की. लेक हाय माझी."

डॉक्टरांनी पेन उचललं. मी आयुष्यभर बोलण्यावर धंदा केला, पण असं बोलणं ऐकलं नव्हतं.

*

ऑपरेशन झालं. डिस्चार्जच्या दिवशी आप्पा टॉवेलात तांदूळ आणि नारळ बांधून आले. लेकीची ओटी भरायची ती घरच्या बायकांनी. सुमनची आई तर कधीच गेलेली.

"ओढणी पसर गं, सुमन," आप्पा म्हणाले.

गडी माणसानं ओटी भरलेली मी जन्मात पाहिली नव्हती. आप्पांना सवय कुठली, निम्मे तांदूळ कॉटवर सांडले. तेवढ्यात ते सर्टिफिकेटवाले डॉक्टर भेटायला म्हणून दारात आले. आत बघितलं आणि थांबले.

मग वाकले, बूट काढले आणि आत आले.