जमिनीवरून सुटलेला वारा

ओमानमधल्या दुक्मच्या कॅम्पमध्ये मी सेफ्टी ऑफिसर होतो. म्हणजे ज्याला बघून चारशे माणसं हेल्मेटचा पट्टा आवळायची आणि त्याची पाठ वळली की सैल करायची, असा माणूस. दोन हजार सतराच्या आसपासची गोष्ट. शुक्रवारी सुट्टी असायची, पण जायचं कुठे? एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला प्रोजेक्टचं कुंपण. माणसं खोलीत पडून मोबाइलवर आपापलं घर बघत बसत. मग कंपनीने करमणुकीसाठी सहा प्लास्टिकच्या कयाक आणल्या. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद होडी, वरून उघडी, दोन्ही टोकांना पातं असलेल्या एकाच वल्ह्याने चालवायची. शिकवणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मॅनेजरने माझ्याकडे बोट दाखवलं. मी रत्नागिरीकडचा, वडील मच्छीमार, त्यात सेफ्टीवाला. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू? मस्कतला जाऊन दोन दिवसांचं शिक्षण घेऊन आलो आणि समुद्र आपल्याला कळतो, असं जरा जास्तच समजू लागलो.

माझ्या खोलीत वसईचे एक पाइप फिटर राहत. वय पन्नाशीला टेकलेलं, पोट सुटलेलं, उशाशी मरियामातेचं छोटं चित्र. सगळा कॅम्प त्यांना अंकल म्हणायचा, मीही म्हणायचो. माझ्या रोज्यांत ते पहाटे माझ्याआधी उठून चहा ठेवत आणि मी उठलो नाही तर पाय ओढत. त्यांच्या मुलीचं लग्न डिसेंबरमध्ये ठरलं होतं. कपाटाच्या आतल्या बाजूला त्यांनी दिवस मोजायला रेघा मारल्या होत्या. जुलैच्या त्या शुक्रवारी "मला पण ने रे तुझ्या होडीत, घरी फोटो पाठवतो" म्हणाले आणि मी लगेच हो म्हटलं.

आम्ही सहाजण होतो. मी, अंकल, दोन केरळी इलेक्ट्रिशियन, एक वेल्डर आणि मेसमधला नेपाळी कुक. निघण्यापूर्वी मी किनाऱ्यावर रीतसर भाषण दिलं. उन्हाचं भाषण. पाणी पीत राहा, टोपी काढू नका, चक्कर आली तर सांगा. धोक्यांच्या कागदावर मी ऊन तीन वेळा लिहिलं होतं. मग तो कागद फिरवला, सगळ्यांनी सह्या केल्या, शेवटी 'तपासले' या शब्दापुढे मी केली. साइटवर रोज सकाळी काम सुरू होण्याआधी हेच चालायचं. मी बोलायचो, कागद फिरायचा, सह्या व्हायच्या, यल्ला, म्हणजे चला, कामाला लागा.

पाण्यात पाय घातला तर पाणी चांगलंच गार होतं. भर जुलैत एवढं गार कसं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला फक्त बरं वाटलं. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, त्यामुळे किनाऱ्याजवळ लाट अशी नव्हतीच, तलावासारखं सपाट पाणी. तो वारा बघून तर मी खूशच झालो. आमच्याकडे त्याला मतलई म्हणतात. वडील पहाटे मतलईवर होडी बाहेर काढत आणि दुपारी वारा फिरून समुद्राकडून खारा वारा सुटला की त्याच्यावर घरी येत. जाताना वारा नेतो, येताना वारा आणतो. हे मी लहानपणापासून बघितलं होतं. मी सगळ्यांना मोठ्या दिमाखात सांगितलं, "दहा-अकराला हवा फिरेगी, आराम से वापस आएंगे."

जाताना खरंच वल्हं मारावं लागलं नाही. अंकल माझ्या शेजारी, गळ्यात मोबाइल, गाणं गुणगुणत. उकडतंय म्हणून त्यांनी लाइफ जॅकेटचे पट्टे सैल केले होते. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. सुट्टीच्या दिवशी कशाला टोकायचं, म्हणून मी गप्प बसलो.

साडेदहा झाले. मी मागे वळून पाहिलं तर कॅम्पची पाण्याची टाकी काड्यापेटीएवढी दिसत होती. वारा फिरला नव्हता. उलट वाढला होता. पाणी आता सपाट नव्हतं, छोट्या टोकदार लाटा उठत होत्या आणि सगळ्या आमच्यासारख्याच बाहेर चालल्या होत्या. मी शिट्टी मारून सगळ्यांना वळवलं. वीसेक मिनिटं आम्ही जीव खाऊन वल्हवलं आणि मी पुन्हा टाकीकडे पाहिलं. ती तेवढीच होती. कदाचित थोडी लहानच. हा वारा फिरणार नाही, हे त्या क्षणी मला कळलं. इतरांना ते कळू नये म्हणून मी हसलो. ते हसू मला अजून आठवतं, त्याची लाज वाटते.

तेवढ्यात अंकलची होडी आडवी झाली आणि उलटली.

ते वर आले, पण जॅकेट कानांपर्यंत चढलेलं आणि तोंड उघडं. हाक नाही, ओरडणं नाही. नुसता श्वास आत ओढत होते, पुन्हा पुन्हा, बाहेर सोडायला वेळच नसल्यासारखा. गार पाण्यात अचानक पडलं की असं होतं, हे मस्कतच्या शिक्षणात सांगितलं होतं, आणि ओमानमध्ये याचा काय उपयोग, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. त्यांची होडी रिकामी, हलकी, वाऱ्यावर भराभर निघाली. चौघेजण माझ्याकडे बघत होते. त्यांना सोडून अंकलकडे जावं तर ते चौघे बाहेर फेकले जाणार. चौघांना धरून राहावं तर अंकल. मी ओरडलो, "चारों एक-दूसरे की नाव पकड़ो, छोड़ना मत!" आणि अंकलकडे वळलो. बरोबर केलं की चूक, ते मला आजही सांगता येत नाही.

पोचलो तेव्हा ते म्हणाले, "पोहता येत नाय रे." एवढंच, तेही तुकड्या-तुकड्यांत.

मी त्यांचे खांदे धरून वर ओढायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा माझीच होडी कलंडता कलंडता वाचली. दुसऱ्यांदा ते अर्धे वर आले आणि घसरले. तिसऱ्यांदा मी म्हटलं, अंकल, हा पट्टा धरा, आणि त्यांनी हाताकडे पाहिलं, तर बोटं मिटेचनात. पाइपचे लोखंडी पाने फिरवणारा हात, त्याला एक पट्टा धरवेना. ओठ निळे पडले होते. मी त्यांच्या जॅकेटमध्ये माझा हात मनगटापर्यंत अडकवला आणि तसाच राहिलो. वल्हं मारायला हात उरला नाही. ओठांवर कलमा आला. मी घाबरलो होतो. रेघा मारलेलं ते कपाट सारखं डोळ्यांपुढे येत होतं, आणि ते रिकामं करून सामान वसईला पाठवायचं काम माझ्यावरच येणार, हेही.

किती वेळ गेला ते नक्की सांगता येणार नाही. खेकड्यांचे पिंजरे काढून परतणारा एक ओमानी मच्छीमार मोटारबोट घेऊन आला. चौघांनी वर धरलेली लाल वल्ही त्याला दिसली होती. त्याने अंकलना काखेत धरून एका हिसक्यात आत घेतलं, अंगावरची शाल त्यांच्यावर टाकली, मग चौघांना घेतलं, कयाक मागे बांधल्या. अंकलची तेवढी गेली, ती कुणालाच सापडली नाही. मी त्याला माझ्या मतलईचं सांगितलं, हवा फिरेल असं वाटलं म्हणून. तो म्हणाला, "ये हवा वापस नहीं आता. अभी दो महिना ऐसा ही. ऊपर का पानी ले जाता, नीचे का ठंडा आता." माझ्या गावी त्या दिवसांत पावसाळ्यामुळे एकही होडी पाण्यात नव्हती. तोच मोसमी वारा इथे पाऊस न आणता वाहत होता, आणि पाऊस नाही म्हणून मी त्याला ओळखलं नव्हतं.

किनाऱ्यावर तापलेल्या वाळूत, तीन ब्लँकेटांखाली अंकल थरथरत होते. डॉक्टरने तपासून ठीक आहे म्हटलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आणि मग मला राग आला. फाइलमधला कागद काढून त्यांच्यापुढे धरला. 'मला पोहता येते' या ओळीपुढे त्यांची सही होती, वळणदार, पूर्ण नावाची.

"हे काय आहे, अंकल?"

त्यांनी कागद बघितला. "असं लिहिलं होतं होय? तू पुढे केलास, मी सही केली. रोज करतो तशी."

मी कागद घडी करून पुन्हा फाइलमध्ये ठेवला.

दोन दिवस त्यांना सुट्टी दिली. तिसऱ्या दिवशी ते साइटवर आले. सकाळी नेहमीसारखं मी बोललो, कागद फिरला. अंकलच्या हातात आला आणि तिथेच थांबला. त्यांनी खिशातून चष्मा काढला. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. मागे रांग तुंबली, कुणी ओरडलं, "यल्ला अंकल, यल्ला, खलास करो!" त्यांनी मान वर केली नाही. पाचव्या ओळीवर बोट थांबलं.

"ह्यात लिहिलंय, वरची परांची आज सकाळी तपासली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाजात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते. "तू चढून बघितलीस?"

खाली 'तपासले' या शब्दापुढे माझी सही आधीच झालेली होती. चाळीस माणसं त्या परांचीवर चढायला उभी होती. मी हेल्मेटचा पट्टा आवळला, त्यांच्या हातातला कागद परत घेतला आणि शिडीकडे गेलो.